तुकड्यांची देवाणघेवाण आणि शिवणाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, सेलू, अंबाजोगाई, उदगीर, कळमनुरी अशा गावांत विखुरलेल्या आम्ही पंधरा जणी दरवर्षी एकमेकींना कापडाचे तुकडे पाठवतो आणि आलेल्या तुकड्यांची आपापल्या घरी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतो. नव्याने येणाऱ्या ताया, काकू, लेकी जवळजवळ तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

नेमकं काय करायचं असतं?

आपल्या घरातल्या कापडाचे साडेसहा इंचांचे चौकोनी तुकडे कापायचे. पंधरा जणी असल्या की प्रत्येकीच्या नावाचे दहा-दहा, म्हणजे एकूण १५० तुकडे. त्यातले दहा स्वतःला ठेवायचे, उरलेले १४० दहा-दहाच्या गड्ड्या बांधून एका घरी पाठवायचे. त्या वर्षी ज्या घरी तुकडे जमतात, ती बाई सगळ्यांच्या गड्ड्या वाटून लावते आणि प्रत्येकीला परत पाठवते. तुम्ही एकाच कापडाचे तुकडे पाठवता आणि तुमच्या हाती पंधरा घरांचं कापड येतं.

सुती कापडाचे १४० तुकडे अर्ध्या किलोच्या आत बसतात, त्यामुळे पोस्टाचा खर्च फार येत नाही. परतीचे पैसे आधीच द्यायचे. पाकिटावर पिन कोडचे सहाही आकडे आणि मोबाइल नंबर सुवाच्य अक्षरात लिहा. पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी घाला. माझं एक पार्सल वाटेत भिजलं आणि वरच्या गड्ड्यांवर बुरशीचे काळे ठिपके आले. ते कशानेही निघाले नाहीत.

साडेसहा इंचच का? पंधराच जणी का?

चारही बाजूंना पाव पाव इंच शिलाईत जातो. उरतो सहा इंचांचा चौकोन. आडवे दहा आणि उभे पंधरा लावले की ६० बाय ९० इंच, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट. एका माणसाची ऐसपैस वाकळ.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. साडेपाच मीटरच्या सुती साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. आडवे सहा तुकडे बसतात, लांबीत तेहेतीस. म्हणजे १९८. जुनेरात बसण्याच्या जागेचं कापड विरलेलं असतं, निऱ्यांच्या खालच्या कडेला झिजलेलं असतं. ते सगळं सोडून दिलं तरी १५० धडके तुकडे निघतात. एक साडी पंधरा घरांना पुरते. नवं कापड विकत घ्यायला कुणी जाऊ नये, हे मी मुद्दाम सांगते. ३६ इंच पन्ह्याचं घेतलं तर पाच मीटर लागेल, आणि मग या कामाचा अर्धा जीवच निघून जातो.

मला नीट शिवता येत नाही. चालेल?

चालेल. सरळ कापता आलं आणि धावदोरा घालता आला की झालं. टाके लहान-मोठे पडतात, पडू द्या. पहिल्या वर्षी माझ्या ओळी वेलीसारख्या वळत गेल्या होत्या. ती वाकळ आजही माझा मुलगा पांघरतो.

कोणतं कापड घ्यायचं?

सुती. जुन्या साड्या, लुगडी, धोतर, सुती शर्ट, परकर, टू बाय टूच्या ब्लाउजचं उरलेलं कापड, शिंप्याकडची कातरणं. शिंपीदादांकडे मागायला लाजू नका. दिवाळीआधी त्यांच्या मशीनखाली पोतंभर कातरण साठलेली असते. मात्र साडेसहा इंचांचा अखंड तुकडा त्यातून क्वचित निघतो, म्हणून दोन-तीन पट्ट्या जोडून चौकोन करावा लागतो. असे जोडलेले चौकोन माझ्या सगळ्यात आवडीचे आहेत.

कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीत पाणी घेऊन त्यावर पेटवा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर वासही मिश्र आणि राखेत खडेही. मिश्र कापड आम्ही अगदीच नाकारत नाही, पण ते वेगळं बांधून वर चिठ्ठी लावायची. सुती आणि पॉलिस्टर शेजारी शेजारी शिवले की सुती आधी विरतं, पॉलिस्टर तसंच राहतं आणि शिवण ओढली जाते.

पैठणी किंवा हिमरूचे तुकडे पाठवू का?

जुनी, हातमागाची पैठणी कृपा करून कापू नका. तिच्या काठ-पदराची नक्षी धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते, म्हणून ती उलट-सुलट सारखीच दिसते. कात्री लागली की ते बांधलेले धागे मोकळे होतात. साडी मधून फाटली असेल तर काठ आणि पदर अखंड काढून घ्या, मांजरपाटाच्या अस्तरावर बसवा आणि घरात ठेवा. लेकीला, नातीला द्या. देवाणघेवाणीत ती नको.

हिमरू ही आमच्या संभाजीनगरची ओळख. त्यात ताणा सुती आणि बाणा रेशमी, आणि मागच्या बाजूने लांब लांब मोकळे धागे. घासलं की ते धागे अडकतात, तुटतात. जुन्या शालीचा तुकडा वापरायचाच असेल तर मागे अस्तर लावून पिशवीला किंवा उशीच्या अभ्र्याला वापरा. वारंवार धुतल्या जाणाऱ्या वाकळेत तो टिकत नाही.

कापड धुऊनच का पाठवायचं?

कारण माझ्याकडून एकदा ही चूक झाली आहे. लाल खणाच्या ब्लाउजपीसचे तुकडे मी न धुता पाठवले. कापड नवंकोरं, दिसायला सुरेख. सेलूच्या वहिनींनी दोन महिने बसून वाकळ शिवली, पहिल्यांदा धुतली आणि माझ्या दहा तुकड्यांनी शेजारचे चाळीस तुकडे गुलाबी करून टाकले. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र ते आजही लागून आहे.

म्हणून: कापड दोनदा धुवा. मग ओलं असतानाच पांढऱ्या रुमालावर दाबून चोळा. रुमालाला रंग लागला तर तिसऱ्यांदा धुवा. तरीही लागला तर ते कापड स्वतःच्या पिशव्यांना वापरा. धुतल्याने दुसरा फायदा, नवं सुती कापड आधीच आटून घेतं, नंतर वाकळ आकसत नाही.

पाण्याचं मला माहीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही कुणीच विसरलेलो नाही. आमच्या देवाणघेवाणीच्या दोन फेऱ्या असतात, पावसाळी आणि उन्हाळी; म्हणूनच उन्हाळी फेरीत फक्त वापरलेलं, वर्षानुवर्षं धुतलेलं कापड घेतात. नवं कापड पावसाळी फेरीत.

जुनी साडी कापताना सरकते. चौकोन वाकडे येतात.

खळ घाला. भाताची पातळ पेज गाळून त्यात साडी बुडवा, सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. कापड कागदासारखं उभं राहतं. मग पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा साचा ठेवून पेन्सिलीने आखा आणि एका वेळी दोनच पदर कापा. आठ पदर एकदम कापले की खालचे तुकडे अर्ध्या इंचाने लहान होतात, आणि ते हाती पडणाऱ्या बाईला ओळ जुळवता जुळवता रडू येतं. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

मला वेळच मिळत नाही. तुम्ही कुठून काढता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारताना बहुतेकींचा आवाज खाली गेलेला असतो. जणू वेळ न मिळणं हा आपलाच गुन्हा.

माझं सांगते. मी अनेक वर्षं कापड साठवत होते. ट्रंक भरली, पलंगाखाली दोन गाठोडी झाली, आणि शिवलं काहीच नाही. स्वतःसाठी म्हणून बसलं की कुणीतरी हाक मारायचं आणि मी उठायची, कारण ते काम माझंच होतं, कुणाचं अडत नव्हतं. गटात आले तेव्हा पहिल्यांदा घरात सांगता आलं की, ‘उदगीरच्या मावशींना पंधरा तारखेपर्यंत तुकडे पाठवायचेत.’ या वाक्यानंतर कुणी हाक मारली नाही. दुसऱ्याला दिलेला शब्द घरातली माणसं मानतात. आपण स्वतःला दिलेला शब्द त्यांना दिसत नाही, आणि खरं म्हणजे आपणही तो पाळत नाही. मला या देवाणघेवाणीतून कापडापेक्षा तारीख मोठी मिळाली.

आता बाकीचं. अर्ध्या तासात माझ्या हाताने सहा इंचांचे पाच सांधे होतात. पूर्ण वाकळेचे चौकोन जोडायला असे साधारण २७५ सांधे लागतात. रोज अर्धा तास बसलं तर ५५ दिवस. धावदोऱ्याला याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे एक वाकळ अर्ध्या वर्षाची, आणि त्यात घाई करण्यासारखं काही नाही. हा हिशेब आधी मांडला की ‘या रविवारी सगळं उरकते’ असा ताण येत नाही.

अर्धा तास कुठून, तर आधीपासूनच अडकलेल्या वेळातून. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घर सोडता येत नाही. मोटार लावायची, टाकी भरेपर्यंत कान तिकडे ठेवायचा. पूर्वी मी ते दोन तास येरझाऱ्या घालत घालवायची. आता नळाजवळ पाट टाकून बसते. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, मुलाची शिकवणी सुटेपर्यंत, एसटीची वाट बघताना. त्यासाठी एक छोटी पिशवी कायम भरलेली हवी: आखून, जोड्या लावून, टाचणीने टाचलेले दहा तुकडे, दोरा ओवलेल्या तीन सुया, लहान कात्री, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान. कापणं, आखणं, रंग जुळवणं ही कामं तुकड्या-तुकड्यात होत नाहीत, त्यांना एक सलग दुपार लागते. ती महिन्यातून एकदाच काढायची. रोजच्या अर्ध्या तासात फक्त टाका घालायचा, विचार करायचा नाही.

आणि मशीन झाकून कोपऱ्यात सरकवू नका. काढायला दहा मिनिटं, ठेवायला दहा मिनिटं गेली की मधला वेळ उरतच नाही. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात, दिवाळीत, शेतात पूजेला आणि जेवायला जायच्या वेळ अमावस्येला काहीच होणार नाही. ते दिवस आमच्या वेळापत्रकात मोकळेच ठेवलेले असतात.

मी शेतात जाते. माझ्याकडून कसं होणार?

म्हणूनच दोन फेऱ्या आहेत. श्रावणातली पावसाळी फेरी गावात राहणाऱ्या आणि नोकरीवाल्यांच्या सोयीची. कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची काढणी उरकली की पाडव्यानंतर उन्हाळी फेरी सुरू होते. त्यात आमची एक मैत्रीण बीड जिल्ह्यातली आहे; दसरा झाला की घरातले सगळे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहिल्या वर्षी ती म्हणाली, माझ्याकडे द्यायला साडीच नाही. तिने खताच्या पोत्याआतलं नव्हे, घरातल्या बाजरीच्या जुन्या सुती पिशव्यांचं कापड धुऊन पाठवलं. पांढऱ्यावर निळ्या छापील अक्षरांचे पुसट तुकडे. माझ्या वाकळेत ते चार कोपऱ्यांना लावले आहेत. खताच्या किंवा औषधाच्या पिशव्या मात्र कितीही धुतल्या तरी नकोत, लेकरं पांघरतात.

घरचे म्हणतात, तीनशे रुपयांत ब्लँकेट मिळतं. काय सांगू?

वाद घालू नका. ब्लँकेट घ्या, तेही लागतंच.

काही वर्षांपूर्वी आजेसासूबाईंची वाकळ कडेला फाटली म्हणून मी उसवायला घेतली. वर टेरिकॉटच्या शर्टाचे तुकडे होते, ते सासूबाईंनी मागाहून लावलेले. त्याखाली हिरवं इरकल, काठ विरलेला, रंग अजून पक्का. त्याखाली धोतराचे दोन पदर. आणि धोतराला पडलेलं भोक झाकायला आतल्या बाजूने लावलेला वीतभर तुकडा, एका टोकाला लोकरीचा मळकट गोंडा. सासूबाईंनी तो हातात घेतला, अंगठ्याने चोळला आणि म्हणाल्या, ‘ही थोरल्याची कुंची.’ मग बराच वेळ त्या तिथेच बसल्या. थोरले दीर आज साठीचे आहेत. मी तो तुकडा तिथेच परत शिवला, गोंड्यासकट.

घरच्यांना मी फक्त ही वाकळ दाखवते.

गेलेल्या माणसाचे कपडे चालतात का?

हा प्रश्न सहसा फोन ठेवता ठेवता विचारला जातो. काही घरांत ते कपडे देऊन टाकतात, काही घरांत जपून ठेवतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर. आमचा नियम एवढाच, की दुसरीच्या घरी पाठवायचे असतील तर आधी सांगायचं. ज्या घरी चालत नाही तिला दुसऱ्या कापडाचे दहा तुकडे द्यायचे. आजवर आमच्यातल्या एकीनेही नाही म्हटलेलं नाही. एका ताईंनी वडिलांचं शेवटचं धोतर पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी होती: ‘दादा शिक्षक होते.’ प्रत्येकीने ते पांढरे तुकडे वाकळेच्या मधोमध लावले. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

हाताने की मशीनवर?

चौकोन जोडायला मशीन चालेल. धावदोरा हाताचाच. अस्तर आणि आतले पदर अंथरून, चारही कोपऱ्यांना दगड ठेवून, ताणून आधी कच्चा टाका घाला. मग आमच्याकडे बऱ्याच जणी कडेने सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत येतात. आतल्या पदरांची संख्या चारच्या वर नेऊ नका. सुई जात नाही आणि धुतल्यावर पिळता येत नाही. काम सुरू करताना सुया मोजा, संपल्यावर पुन्हा मोजा.

बंजारा भरतकामाचे तुकडे मागवता येतील का?

मागवू नका, विकत घ्या. तांड्यावरच्या बायकांचं ते काम, आरसे, कवड्या, दाट टाके, हे कित्येक महिन्यांचं असतं. साडीच्या दहा तुकड्यांच्या बदल्यात ते मागणं न्यायाचं नाही. आमच्यातली कुणी तांड्यावरून स्वतःहून आली आणि तिने साधे तुकडे दिले, तर ती बाकीच्यांसारखीच एक. तिच्याकडून टाका शिकायचा असेल तर शिकवणीचे पैसे द्यायचे.

कुणी तुकडे पाठवलेच नाहीत तर?

होतं असं. आजारपण, बाळंतपण, घरातलं काही. म्हणून प्रत्येक फेरीत दोघी-तिघी वीस-वीस तुकडे जास्तीचे ठेवतात आणि त्यातून जमेल तेवढा खड्डा भरून काढतात. न पाठवणारीला जाब विचारत नाही, फोन करून काय झालं एवढं विचारतो. पण सलग दोन वर्षं दुसऱ्यांचे तुकडे घेऊन स्वतःचे दिले नाहीत, तर पुढच्या वर्षी तिची जागा दुसरीला देतो. कठोर वाटेल. पंधरा जणींच्या मेहनतीपुढे मला ते बरोबर वाटतं.

फिरती वाकळ म्हणजे काय?

मधला दोन फुटांचा चौकोन एकीने करायचा. मग तो घरोघर फिरतो आणि प्रत्येक जण चारही बाजूंनी आपल्या कापडाचा एक पट्टा जोडून पुढे पाठवते. एका घरी मुक्काम जास्तीत जास्त एक महिना. आधीच्या बाईचा टाका उसवायचा नाही, आवडला नाही तरीही. रंग कोणता लावायचा हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पट्ट्याच्या मागच्या बाजूला गावाचं नाव दोऱ्याने लिहायचं.

ती शेवटी कुणाकडे राहते, हेही सगळ्या विचारतात. त्या वर्षात आमच्यापैकी कुणाच्या घरी बाळ आलं तर त्या घरी, नाही तर चिठ्ठी टाकून. आत्ताची वाकळ अंबाजोगाईहून निघून उदगीरच्या मावशींकडे पोचली आहे. त्यांनी काल फोटो पाठवला: जांभळं कापड अर्धं लागलंय, आणि सुई तशीच टोचून ठेवलेली आहे.